कायम होण्याआधीची तीन वर्षं

ऑक्टोबर 2021 मध्ये माध्यमिक शिक्षक म्हणून नेमणुकीचा आदेश आला, तेव्हा इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घरी सगळ्यांना वाटलं, चला, मुलगी सरकारी नोकरीत लागली. आदेशाखालच्या अटी मी रात्री वाचल्या. तीन वर्षं परिवीक्षा, म्हणजे कायम होण्याआधीचा पारखून बघण्याचा काळ. मूळ वेतन 32,800, पण पहिल्या वर्षी त्याच्या 70 टक्के, दुसऱ्या वर्षी 80, तिसऱ्या वर्षी 90. म्हणजे सुरुवात 22,960 रुपयांपासून.

इथवर पोचायलाच वर्षं गेली होती. दोन वर्षांचं बी.एड., त्यातले 16 आठवडे शाळेत इंटर्नशिप, 2019 च्या सुरुवातीला पात्रता परीक्षा, मग कोरोनात अडकलेली कागदपत्रांची पडताळणी.

त्या पडताळणीत माझं नावच आडवं आलं. आपल्यात नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं सलग लिहायची रीत. आईने शाळेत घालताना तसंच लिहून दिलं आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर तेच छापून आलं. मध्य प्रदेशात वडिलांच्या नावाला वेगळा रकाना असतो, त्यामुळे पदवी आणि बी.एड.च्या कागदांवर मी दोनच शब्दांची. लग्नानंतर आधारकार्डावर मधलं नाव नवऱ्याचं, आडनाव सासरचं. टेबलापलीकडच्या बाबूंनी तिन्ही कागद शेजारी शेजारी मांडले आणि विचारलं, "मैडम, ये तीन अलग-अलग लोग हैं क्या?" मला रडूच आलं. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, कागद तसेच होते. शपथपत्र, विवाह नोंदणीचा दाखला, दोन खेपा, असं करून ते सुटलं. इथल्या मराठी मुलींना माझं कळकळीचं सांगणं आहे, अर्ज भरण्याआधीच सगळ्या कागदांवरची नावं एकदा ताडून बघा.

शाळा मिळाली सांवेर तहसिलीत. पहिल्याच हिवाळ्यात प्राचार्य न सांगता वर्गात आले आणि मागच्या टाटपट्टीवर, म्हणजे जमिनीवर अंथरलेल्या लांब पट्टीवर, मुलांमध्ये बसले. सहावीला 'भिन्न' चालू होतं, म्हणजे आपले अपूर्णांक. फळा भरून उदाहरणं सोडवली, मला वाटलं छान झालं. तास संपल्यावर त्यांनी माझ्यासमोर सात वह्या ठेवल्या. सातही कोऱ्या. "फळ्यावरचं गणित तुमचं झालं, त्यांचं नाही," एवढंच ते हिंदीत म्हणाले. दुसऱ्या दिवशी घरून पोळ्या नेल्या आणि मुलांनाच वाटे करायला लावले. नंतर ऑनलाइन प्रशिक्षणं पुष्कळ झाली, प्रमाणपत्रंही मिळाली, पण शिक्षक म्हणून मला घडवलं त्या सात वह्यांनी.

कायम होण्यासाठी तिन्ही वर्षांचे गोपनीय अहवाल लागतात, आपण ज्याला सीआर म्हणतो ते. दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर हेच प्राचार्य बदलून गेले. नव्यांनी त्यांच्या काळापुरतं लिहिलं, आधीचे महिने कोरे राहिले आणि ते माझ्या लक्षातच आलं नाही. 2024 च्या ऑक्टोबरात तीन वर्षं पुरी झाली, संकुलातून, म्हणजे आसपासच्या शाळांचा कारभार बघणाऱ्या शाळेतून, फाईल वर गेली आणि त्रुटी लावून परत आली. बरोबरीच्या मैत्रिणींचे आदेश निघत होते, आणि मी जुन्या प्राचार्यांचा पत्ता शोधत धारकडे निघाले होते. सरांनी लगेच सही दिली, वर चहा पाजला. "वो सात बच्चे अब कौन सी में हैं?" हेही विचारलं. नववीत, मी सांगितलं.

तेव्हापासून दर एप्रिलमध्ये मी सीआर भरल्याची पोच मागून घेते आणि झेरॉक्स घरी ठेवते. नव्याने लागलेल्या दोघींनाही तीच सवय लावली आहे. मुख्याध्यापक बदलणार असं नुसतं कानावर आलं, तरी त्याच आठवड्यात आपल्या सीआरबद्दल विचारायचं, लाजायचं नाही.

माझा आदेश उशिरा निघाला, पण निघाला. सर्विस बुकात नोंद झाली त्या संध्याकाळी मी त्याची प्रत आईला दाखवली. तिने चष्मा लावून सगळ्यात आधी नाव वाचलं, अक्षर अन् अक्षर, बोट ठेवून.