गुहेच्या आधी वाडा: लुईव्हिलचं लोकस्ट ग्रोव्ह

अमेरिकेतल्या केंटकी राज्यात मॅमथ केव्ह ही अफाट गुहा पाहायला येणारे बरेच जण लुईव्हिलला फक्त मुक्काम करतात. माझा आग्रह आहे, आधी लोकस्ट ग्रोव्ह पाहा.

विटांचा हा वाडा १७९२ च्या सुमारास विल्यम क्रोगनने बांधला. मूळचा आयर्लंडचा, धंदा जमीनमोजणीचा. ओहायो नदीकाठचा हा मुलूख तेव्हा सरहद्दीचा. अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धातल्या सैनिकांना बक्षीस मिळालेल्या जमिनी मोजायच्या आणि मेहनतान्यात जमिनीचाच वाटा घ्यायचा, अशी रीत होती. क्रोगन त्यातूनच गबर झाला. बायको लूसी ही सेनानी जॉर्ज रॉजर्स क्लार्कची बहीण. पाय कापावा लागल्यावर जॉर्ज १८०९ मध्ये इथे आला आणि १८१८ मध्ये इथेच वारला. खुष्कीने पॅसिफिक महासागर गाठून परतलेले शोधप्रवासी मेरिवेदर लुईस आणि जॉर्जचा धाकटा भाऊ विल्यम क्लार्क हेही नोव्हेंबर १८०६ मध्ये या घरी आले होते.

वरच्या मजल्यावरचं नाचाचं दालन देखणं आहे, पण जास्त वेळ मागच्या स्वयंपाकघराला द्या. हे वैभव गुलाम केलेल्या माणसांच्या राबण्यावर उभं होतं. ते कुठे राहत, काय काम करत, हे वाटाड्याला आवर्जून विचारा.

पुढचा धागा थेट गुहेत जातो. क्रोगनचा मुलगा जॉन डॉक्टर होता. त्याने १८३९ मध्ये मॅमथ केव्ह विकत घेतली, आणि सोबत गुहेचा गुलाम वाटाड्या स्टीफन बिशपलाही. गुहेतल्या हवेने क्षय बरा होईल म्हणून १८४२ मध्ये त्याने रुग्णांना आत ठेवलं. धूर आणि अंधारात काही जण दगावले. १८४९ मध्ये जॉनही क्षयानेच गेला. गुहेचे अवघड भाग शोधून त्यांचा नकाशा काढणाऱ्या बिशपला मात्र सुटका मिळाली ती १८५६ मध्ये, आणि पुढच्याच वर्षी तो वारला. मला या घराण्याच्या कथेतला सगळ्यात मोठा माणूस तोच वाटतो.

वाडा आतून फक्त वाटाड्यासोबत पाहता येतो. वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, निघण्याआधी संकेतस्थळ बघा. वर जायला जिने आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी आधी चौकशी करावी. गुहेची तिकिटं आगाऊ काढा. रुग्णांच्या दोन दगडी खोल्या अजून उभ्या आहेत, पण प्रत्येक फेरी तिथे जात नाही. बुकिंग करताना फेरीचं वर्णन वाचा. आत बारा-तेरा अंश असतात, जाकीट हवंच. लुईव्हिलहून दीड तासाचा रस्ता, आणि गुहेकडचं घड्याळ एक तास मागे, तेव्हा तिकिटावरची वेळ तिथल्या घड्याळाची समजा.