जुना रोटाव्हेटर घेतला, त्याची गोष्ट

आमचं ७ एकर रान बार्शी तालुक्यात, वैरागच्या पुढं. ५ एकर चांगलं काळं, २ एकर हलकं. खरिपाला सोयाबीन आणि तूर, रब्बीला ज्वारी. ट्रॅक्टर ३९ एचपीचा, तोही जुनाच घेतलेला. वरवर रान उकरायला मोगडा आणि ट्रॉली घरची होती, फिरत्या पात्यांनी ढेकळं फोडणारा रोटाव्हेटर मात्र दरवर्षी भाड्यानं.

एकरी १,४०० रुपये भाडं जायचं, त्याचं तेवढं काही वाटत नव्हतं. वाट बघण्याचा मात्र जीव जायचा. काळ्या रानाला वाफसा येतो, म्हणजे ओल मशागतीजोगी होते, तो दोन, फार तर तीन दिवस टिकतो. त्याआधी घातलं तर चिखलाचे गोळे, नंतर घातलं तर डोक्याएवढी ढेकळं. आणि त्याच दोन दिवसांत अख्ख्या गावाला रोटाव्हेटर हवा असतो. भाडेवाला चौथ्या दिवशी यायचा. दोन वर्षं माझी पेरणी अशीच मागं पडली.

नवा ५ फुटी रोटाव्हेटर मला १ लाख १८ हजारांना सांगितला. सरकारी अनुदानासाठी महाडीबीटी पोर्टलवर अर्ज केला होता, सोडतीत नाव लागलं नाही. लागलं असतं तरी आधी पूर्वसंमती, मग खिशातून पूर्ण पैसे भरून खरेदी, आणि अनुदान नंतर खात्यावर. जुन्या अवजाराला तर ते मिळतच नाही. मुलीच्या शाळेची फी आणि विहिरीची मोटर एकाच महिन्यात आलेली. म्हणून जुना बघायचं ठरवलं.

पहिला बघितला तो रस्त्याकडेला जुनी अवजारं मांडून विकणाऱ्याकडं. लालभडक रंग, बघताक्षणी आवडावा असा. सोबत आमच्या गावचे वेल्डिंगवाले मिस्त्री होते. त्यांनी रंगाकडं बघितलंच नाही. गुडघ्यावर बसून, अवजार ट्रॅक्टरला जोडायच्या तीन पॉइंटच्या चौकटीच्या सांध्यावरून नख फिरवलं, मग कानशीनं थोडा रंग खरवडला. खाली वेल्डिंगचा जाड थर. चौकट एकदा मोडून जोडलेली होती. कंपनीची पाटी जिथं असते तिथं नुसती चार भोकं. मिस्त्री मला बाजूला घेऊन म्हणाले, "ट्रॅक्टरला आरटीओचं पुस्तक असतं, ह्याला काय असतं? पाटी आणि बिल. दोन्ही नसतील तर उद्या कुणी म्हणलं हा माझा चोरीला गेलेला हाय, तर तू काय दाखवणार?" आम्ही चहाही न घेता निघालो.

दुसरा बालाघाटच्या डोंगराकडच्या एका गावात, भाड्यानं चालवणाऱ्याचा. माणूस सरळ होता, काही लपवलं नाही. बिल होतं, पाटी होती, ३५ हजार सांगत होता. पण येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सगळं मुरमाड रान, बांधांवर दगडांचे ढीग. मिस्त्रींनी एक काठी जमिनीवर रोवून तिचं टोक पात्याला अगदी लागेल असं धरलं आणि मला पाती बसवलेला रोटर हातानं फिरवायला सांगितलं. एका बाजूला पातं काठीला घासत होतं, अर्धा फेरा झाला की काठी आणि पातं यांच्यात बोटभर अंतर. रोटरचा शाफ्ट वाकलेला. दगडावर आदळून आदळून तो असा होतो. शिवाय रोटरचं टोक हातानं वर-खाली हलवलं तर खुळखुळ वाजत होतं, म्हणजे बेअरिंग गेलेलं. ३५ हजारांत ते स्वस्त नव्हतं.

त्या दिवशी घरी येताना एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसली. अवजाराआधी ते ज्या रानात चाललं ते रान बघायचं. जुना ट्रॅक्टर घेताना मीटरवर तास तरी दिसतात. रोटाव्हेटरला मीटर नसतो. त्याचा सगळा हिशेब मालकाच्या मातीत असतो.

तिसरा मोहोळ तालुक्यात, सीनेकाठच्या एका गावात मिळाला. मेव्हण्याच्या ओळखीतून कळलं. मालक सत्तरीचे काका. मुलं नोकरीला बाहेर, ट्रॅक्टर विकून टाकलेला, रान वाट्यानं दिलेलं. रोटाव्हेटर पत्र्याच्या शेडमध्ये, खाली दोन लाकडी ओंडके देऊन जमिनीपासून उचलून ठेवलेला. पाती मातीला टेकू दिलेली नव्हती. रंग उडालेला, पण पात्यांना जुन्या ऑइलचा हात दिलेला. मला तिथंच बरं वाटलं.

मी म्हणालो, "काका, आधी रान बघू का?"

ते माझ्याकडं बघतच राहिले. मग हसले. "पावणं, रोटाव्हेटर बघाया आलाय का सोयरीक जमवाया?" पण घेऊन गेले. नऊ एकर, सपाट, काळंभोर, हाताला खडा लागत नाही असं. ज्वारी नुकतीच काढलेली होती. मालदांडी ३५-१ ही ज्वारी याच मोहोळच्या संशोधन केंद्रातली, आणि काका तिच्याबद्दल घरातल्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलत होते. रोटाव्हेटर सहा वर्षं चालला होता, फक्त त्या नऊ एकरांत. भाड्यानं एकदाही दिला नव्हता.

परत येऊन मिस्त्रींनी काठीची तपासणी केली. सगळी पाती एका अंतरावर. गिअरबॉक्सचा खालचा बोल्ट सैल करून थोडं ऑइल वाटीत घेतलं. ऑइल दुधासारखं पांढरट असेल तर पाणी शिरलेलं असतं, आणि बोटांत चोळल्यावर चकाकणारा चुरा लागला तर दाते झिजलेले. आमच्या वाटीत ते काळं होतं, जुनं होतं, पण साफ होतं. बाजूच्या गिअरच्या पेटीतून मात्र सील गळत होतं, खाली ऑइलचा डाग पडलेला. पाती निम्म्याहून जास्त झिजलेली, पण सगळी सारखी झिजलेली. मला ते चांगलं लक्षण वाटलं. मधेच दोन नवी, चार जुनी अशी मिसळ असली की रोटर तोल धरत नाही आणि पूर्ण अवजार थरथरतं.

काकांनी ५५ हजार सांगितले. सील आणि पात्यांचा खर्च दाखवून मी ४२ म्हणालो. शेवटी ४६ ला ठरलं. त्यांनी घरातून एक प्लॅस्टिकची पिशवी आणली. सातबाऱ्याच्या उताऱ्यांसोबत मूळ बिल घडी करून ठेवलेलं. बिलावरचा नंबर आणि पाटीवरचा नंबर जुळवला, स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलं, त्यांच्या आधारकार्डाची झेरॉक्स जोडली. त्यांना ते थोडं परकेपणाचं वाटलं असावं. मी म्हणालो, "काका, तुमच्यावर अविश्वास नाही. उद्या मला विकायचा झाला तर पुढच्याला हे दाखवावं लागंल." मग त्यांनी सही केली.

घरी आणल्यावर लगेच रानात घातला नाही, हे बरं केलं. ३६ पाती नवी घेतली, नटबोल्टसकट ५,२०० रुपये. पाती दोन प्रकारची असतात, डावीकडं वळलेली आणि उजवीकडं वळलेली. आमच्या ५ फुटी रोटाव्हेटरला १८ डावी, १८ उजवी. एकेक जुनं काढायचं आणि त्याच जागी त्याच बाजूचं नवं बसवायचं. सगळी एकदम काढून ढीग घातला की कुठलं कुठं होतं ते कळत नाही, आणि मग पाती माती कापण्याऐवजी पाठीनं बडवत बसतात. मी काढण्याआधी मोबाईलवर दोन्ही बाजूंनी फोटो घेतले होते. सील बदलून ९० नंबरचं ऑइल भरलं, १,६५० रुपये लागले.

बोल्ट बघताना एक गोष्ट सापडली. ट्रॅक्टरकडून अवजाराला फिरवणाऱ्या शाफ्टला एक शिअर बोल्ट असतो, तो मुद्दाम मऊ असतो. रोटर कशात अडकला तर तो तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. काकांच्या वाटेकऱ्यानं तो सारखा तुटतो म्हणून तिथं कडक पोलादी बोल्ट बसवून दिला होता. काकांच्या रानात दगड नव्हता म्हणून निभावलं. माझ्या हलक्या २ एकरांत पहिल्याच दगडाला गिअर फुटला असता. योग्य बोल्ट ३० रुपयांचा. पाच घेऊन टूलबॉक्समध्ये टाकले.

एवढं करूनही पहिल्या दिवशी चूक झालीच. मे महिना, मोगडलेल्या रानात ढेकळं फोडायला घातला. पहिली ओळ छान गेली. शेवटाला वळताना पीटीओ, म्हणजे अवजाराला फिरवणारा ट्रॅक्टरचा मागचा दांडा, चालूच ठेवून हायड्रोलिक उचललं आणि मागून असा कडकडाट झाला की पोटात गोळा आला. इंजिन बंद केलं. पीटीओला जोडलेल्या शाफ्टच्या दोन नळ्या एकमेकींत सरकतात. काकांचा ट्रॅक्टर मोठा होता, त्याच्या मापाचा शाफ्ट माझ्या ट्रॅक्टरला लांब पडत होता. अवजार वर उचललं की आतली नळी बाहेरच्या नळीच्या तळाला टेकायची आणि सगळा रेटा ट्रॅक्टरच्या पीटीओच्या बेअरिंगवर जायचा. अजून दोन तास चालवला असता तर ४६ हजारांचं अवजार वाचवता वाचवता ट्रॅक्टर उघडावा लागला असता.

मिस्त्री आले. अवजार वर-खाली करून दोन्ही टोकं सगळ्यांत जवळ कुठं येतात ते मापलं, आणि त्या जागीही दोन-तीन सेंटिमीटर मोकळं राहील इतक्या दोन्ही नळ्या सारख्याच कापल्या. दोन्ही टोकांचे वाय आकाराचे जोड एका रेषेत आहेत ना, तेही बघितलं. ते तिरपे बसले तरी थरथर होते. त्या जोडांतले दोन क्रॉस बदलले. १,९०० रुपये. आता वळणावर आधी पीटीओ बंद, मग उचलणं, हे हाताला बसलंय.

शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं कव्हर तुटून गेलेलं होतं. नवं ११०० चं. आमच्या भागात बहुतेक ट्रॅक्टरांवर ते दिसत नाही, लोक काढून टाकतात. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, अजून धोतर नेसतात आणि ट्रॅक्टर चालू असताना मागं येऊन उभं राहायची त्यांना सवय आहे. पीटीओ मिनिटाला ५४० फेरे घेतो. धोतराचं टोक, उपरणं, ओढणी त्यात गेली तर बंद करायला हात पोचायच्या आत सगळं झालेलं असतं. आमच्या पंचक्रोशीत असं घर आहे. म्हणून मी कव्हर बसवल्याशिवाय दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर काढला नाही, काम मागं पडलं तरी चालेल म्हणालो.

वाहतुकीचे १,५०० धरून सगळा मिळून ५७ हजारांच्या थोडं वर खर्च झाला.

आबांना रोटाव्हेटर आधीपासून आवडत नव्हता. भाड्याचा होता तेव्हाही नाही. "रानाचं पीठ करतंय हे," म्हणायचे. आमच्या गोठ्यात आजोबांचा लोखंडी नांगर अजून आहे, आठ बैलांचा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये पहिला लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडानं जमीन नासेल म्हणून शेतकरी तो घेत नव्हते. मी ते आबांना ऐकवलं. ते काही बोलले नाहीत. तुरीची एक जुनी फणकट उपटून माझ्यापुढं टाकली. तुरीचं मूळ सरळ खाली जातं. हे चार-पाच बोटं खाली जाऊन कोपरासारखं आडवं वळलेलं होतं.

पाऊस झाल्यावर मी लोखंडी सळई घेऊन रानात फिरलो. सगळीकडं चार-पाच बोटं ती लोण्यात जावी तशी जायची आणि मग अडायची. सहा वर्षं नांगरट न करता नुसता भाड्याचा रोटाव्हेटर एकाच खोलीवर मारल्याचा तो थर होता. आबांचं बरोबर होतं. त्याच वर्षी आणखी एक दिसलं. एका तुकड्यात मी रोटाव्हेटरचा मागचा पत्र्याचा बोर्ड पूर्ण खाली सोडून दोनदा मारला होता, माती भुकटीसारखी. पेरणीनंतर जोराची सर आली आणि वर पापडी धरली. सोयाबीनचे मोड पापडीखालीच वाकले, तिथं दुबार पेरावं लागलं. शेजारच्या तुकड्यात बोर्ड उचलून एकदाच मारला होता, सुपारीएवढी ढेकळं राहिली होती. तिथं उगवण भरगच्च.

तेव्हापासून तीन वर्षांतून एकदा पलटी नांगरानं खोल नांगरट, आणि रोटाव्हेटर वर्षातून एकदाच, बोर्ड उचलून. ज्वारीला नुसता मोगडा. अवजार दारात आहे म्हणून ते रोज वापरायचं नाही, हे आबांनी माझ्याकडून कबूल करून घेतलंय.

दिवाळीनंतर गिअरबॉक्सचं ऑइल बदललं. वाटीत घेऊन चोळलं, लोहचुंबक फिरवून बघितलं, काही चिकटलं नाही. काकांना फोन करून सांगितलं. त्यांनी पहिलं विचारलं, "ओंडक्यावर ठेवलाय ना?" मी म्हणालो, ठेवलाय. मग म्हणाले, वाटेकऱ्याची ज्वारी यंदा चांगली आहे, हुरड्याला या, आणि वडलांना घेऊन या. जानेवारीत गेलो. आबा आणि काका बांधावर बसून दोन तास बोलत होते, दोघंही रोटाव्हेटरच्या विरोधात.