पन्हळीनं बसवलेला कोपरा

जूनचा शेवटचा आठवडा. राजापूर तालुक्यातल्या एका वाडीतून फोन आला, "पडवीची भिंत फाटलीय, जरा बघून जा." गेलो तर एका ठेकेदाराचा कागद आधीच तयार: कोपऱ्यात कॉलम, पायाला काँक्रीटचा वेढा, साडेतीन लाख. मालक मुंबईला नोकरीला, चार दिवसांची रजा काढून आलेले.

घर जुनं, चिऱ्याचं, चिऱ्यांमधले सांधे मातीनं भरलेले. भेग खिडकीपासून तिरकी वर गेलेली. वरच्या टोकाला तीन नाणी एकावर एक ठेवली तर आत जातील एवढी, खाली केसासारखी. म्हणजे कोपरा खाली बसत होता. मला आधी परसातल्या फणसाच्या मुळांचा संशय आला. तसं बोलूनही गेलो, ते बोललो नसतो तर बरं झालं असतं.

कारण तेवढ्यात सर आली. मी छत्री घेऊन बाहेर गेलो. (घराचं दुखणं पाहायचं तर भर पावसात पाहावं, उन्हात सगळीच घरं ठणठणीत दिसतात.) दोन वर्षांपूर्वी कौलं उतरवून पत्रा घातलेला, त्याला लांबलचक पन्हळ, आणि पन्हळीचा पाइप नेमका त्याच कोपऱ्यात जमिनीपासून हातभर वर तोडलेला. पाणी धबाधबा जोत्याच्या मुळाशी पडत होतं. तिथं खड्डा झालेला, पण तो भरून वाहत नव्हता. पाणी आत कुठंतरी जिरत होतं. पहार टोचली तर दोन फूट सहज गेली.

ओटीवरून आजी म्हणाल्या, "पूर्वी कौलांच्या पागोळ्या घरभर पडायच्या. वळचणीखाली गोटे पसरलेले होते. अंगण करताना ह्यांनी ते उचलले."

सगळं त्यातच आलं. त्या बाजूचा पत्रा बारा मीटर लांब, पाच मीटर रुंद, म्हणजे साठ चौरस मीटर. शंभर मिलिमीटर पाऊस पडला की सहा हजार लिटर पाणी, आणि आमच्याकडे असे दिवस पावसाळ्यात काही अपूर्वाईचे नाहीत. पूर्वी ते बारा मीटरभर गोट्यांवर वाटून पडायचं. पन्हळीनं ते गोळा करून एका कोपऱ्यावर ओतलं. जोत्याखालची माती थोडी थोडी धुपून गेली.

मालकांना म्हटलं, कॉलमचं नंतर बघू, आधी पाणी हलवू. दुसऱ्या दिवशी गवंडी आणि दोन गडी घेतले. खड्ड्यात मुरूम घालून थराथरानं धुम्मस मारला, जोत्यालगत जमिनीला बाहेरच्या बाजूला उतार दिला. उभ्या पाइपला एल्बो लावून चार इंची बंद पाइप तीस फूट लांब नेला, तेवढ्या लांबीत चार इंच उतार. पन्हळीच्या तोंडाला जाळी, नाहीतर फणसाची पानं आठवड्यात पाइप तुंबवणार.

इथं माझी दुसरी चूक. पाइपचं तोंड मी गडग्याच्या, म्हणजे हद्दीवरच्या दगडी कुंपणाच्या, कडेला सोडलं. संध्याकाळीच शेजारचे काका गडग्यापलीकडून ओरडले, "तुमचं जोतं वाचवायला माझा गडगा पाडता काय?" बरोबरच होतं त्यांचं. मग आणखी एक नळी जोडून पाणी खालच्या पऱ्यात, म्हणजे ओहोळात, सोडलं, आणि जिथं पडतं तिथं आजींचे ते जुने गोटे रचले. परसात ढीग तसाच होता.

भेग पुढं वाढते का ते कळावं म्हणून तिच्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसची पट्टी मारून तारीख लिहून ठेवली. बिल पाहून मालक म्हणाले, "एवढंच?" आणि लगेच, "मग तुमची फी कशाची?"

गणपतीत मुद्दाम गेलो. पट्टीला तडा नव्हता. पडवीचं दार मात्र अजून चौकटीला घासतं. बसलेला कोपरा काही वर येत नाही. सुतार बोलावून खालून थोडं रंधून घ्या म्हटलं.