आल्प्सच्या हटमध्ये मुक्काम : माझा अनुभव

स्वित्झर्लंडला जायचं आणि बर्फात फोटो काढून परत यायचं, एवढ्यावर आमचं भागणार नव्हतं. एक रात्र डोंगरात काढायची होती. स्विस अल्पाइन क्लब या गिर्यारोहकांच्या संस्थेच्या दीडशेच्या आसपास हट, म्हणजे डोंगरातली मुक्कामाची साधी घरं, आहेत. त्यातली एंगाडिन खोऱ्यातली कोआत्स हट निवडली. उंची 2,610 मीटर, पण चढाईचा मोठा भाग केबलकारच उरकते.

बुकिंग ऑनलाइन झालं. रात्रीचं जेवण आणि नाश्ता धरूनच घ्यावं. सदस्य नसलात तर दर जास्त. शाकाहारी असल्याचं तेव्हाच लिहायचं. अशा हटमध्ये सामान बहुधा हेलिकॉप्टरने येतं, आयत्या वेळी भाजी कुठून आणणार! बेत रद्द झाला तर कळवायचंच, नाहीतर वरची मंडळी काळजीत पडतात.

सेंट मोरिट्झहून बस, मग केबलकारने मुर्तेल. तिथून फुओर्क्ला सुरले ही 2,755 मीटरवरची खिंड. खिंडीत पोचलो आणि समोर पित्स बर्निना, 4,049 मीटर. 1850 साली त्यावर पहिल्यांदा चढलेल्या योहान कोआत्स यांचंच नाव हटला आहे. पुढची वाट दगडांवरच्या पांढऱ्या-लाल-पांढऱ्या पट्ट्यांची, म्हणजे डोंगरी वाट. घोट्यावर चढणारे बूट हवेतच. पिवळ्या पाट्यांवर अंतर नाही, वेळ लिहिलेली. सह्याद्रीत 'हे काय, आलंच' ऐकत वाढलेल्या आम्हाला ती चक्क खरी निघाल्याचं फार अप्रूप!

हटमध्ये शिरताच बूट रॅकवर, पायात तिथल्या चपला. झोपायला ब्लँकेट मिळतं, पण आत शिरून झोपायची स्वतःची पातळ खोळ आणणं सक्तीचं. अंघोळ विसरायची. वहीत नाव आणि उद्या कुठे जाणार ते लिहायचं. कोणी हरवलं तर शोध तिथून सुरू होतो.

जेवायला सगळे एकाच लांब टेबलावर. शेजारी जर्मन, समोर इटालियन, आमच्यात मराठी. सुपाचं मोठं भांडं हातोहात फिरत होतं, आणि भांडं पुढे सरकवायला भाषा लागतच नव्हती. आमच्यासाठी वेगळं, चीज घातलेलं पास्त्याचं ताट आलं. मिरपूड मात्र मागून घ्यावी लागली.

कचरा आपला आपण खाली न्यायचा. सकाळी रोझेग खोऱ्यात उतरलो. तिथून पोंट्रेसिनापर्यंत घोडागाडी मिळते. आम्ही चालतच गेलो आणि स्टेशनवर पोचताच आधी बूट काढले.