बारीक बाईला कुठली शुगर?

गरोदरपणाच्या सव्विसाव्या आठवड्यात डॉक्टर मॅडमनी शुगरची टेस्ट लिहून दिली तेव्हा मला हसूच आलं, लग्नापासून माझं वजन ४८ च्या वर गेलं नव्हतं, मला कुठली शुगर! उपाशीपोटी यायची पण गरज नव्हती, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात कालवून दिलं नि दोन तासांनी रक्त घेतलं. ते गोडमिट्ट पाणी वर येऊ नये म्हणून कॉलेज रोडच्या लॅबमधे नुसती भिंतीकडे बघत बसले होते. १४० च्या आत पाहिजे, माझी आली १५८.

मॅडम म्हणाल्या वारेतली हार्मोन्स इन्सुलिनला नीट काम करू देत नाहीत, म्हणून कोणालाही होऊ शकतं, आणि आपली शुगर बाळापर्यंत जाते पण आपलं इन्सुलिन जात नाही, मग बाळ स्वतःचं जास्त बनवतं आणि अंगावर चरबी धरतं. आधी दोन आठवडे खाणं सांभाळून बघू, जेवणानंतर दोन तासांनी १२० च्या आत.

मग मीटर आणलं. बोटाच्या मधोमध नाही, कडेला टोचायचं, कमी दुखतं. नेमका फेब्रुवारी, वडलांनी निफाडहून द्राक्षांची पेटी पाठवलेली. एका संध्याकाळी नुसते घड सुटे करून आईंना दिले, एक मणी तोंडात टाकला नाही, आणि मीटरवर २६३! रडायलाच लागले. हे म्हणाले हात धुतलेस का? साबणाने धुवून परत टोचलं तर १०४. बोटाला लागलेली द्राक्षाची साखर मोजत होते मी.

खरा दणका चतुर्थीच्या साबुदाणा खिचडीने दिला, १७१. आईंना पटेना, उपासाचं ना ते! आणि रविवारी भीतभीत मिसळ खाल्ली, मटकी भरपूर नि पाव एकच, तर ११६. त्या दिवसापासून आमच्या घरात मीटरवर विश्वास बसला.

पण बारीक असून का, हे डोक्यातून जाईना. मग पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या कामाबद्दल वाचलं, १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायका आणि त्यांची मुलं ते बघतायत. तिथली बाळं इंग्लंडच्या बाळांपेक्षा वजनाला हलकी, पण चरबी त्या मानाने जास्त. आणि ज्या आयांचं फोलेट (म्हणजे फोलिक ॲसिडवालं व्हिटॅमिन) जास्त नि बी१२ व्हिटॅमिन कमी, त्यांच्या मुलांमधे सहाव्या वर्षी इन्सुलिन रेझिस्टन्स, म्हणजे शरीराने इन्सुलिनला नीट दाद न देणं, जास्त दिसला. मी पक्की शाकाहारी, फोलिक ॲसिड मात्र रोज न चुकता. मॅडमना म्हणलं बी१२ बघू या का, ते निघालं कमी, सुरू केलं.

चौतिसाव्या आठवड्यानंतर उपाशीपोटीची शुगर चढायला लागली आणि रात्रीचं इन्सुलिन लागलंच. शेजारच्या काकू म्हणे आता कायमचं. डिलिव्हरीच्या दिवशीच बंद झालं.

मुलगी २.९ किलो. जन्मल्या जन्मल्या तिची शुगर खाली जाऊ नये म्हणून टाचेला टोचून बघत होते, प्रत्येक वेळी माझंच बोट आखडायचं.

सहा आठवड्यांनी परत तेच पाणी, १२८ आली, आता दरवर्षी बघायची. डिंकाच्या लाडवांचा डबा आईंनी आधीच भरून ठेवलेला. अर्धा देतात, आणि दोन तासांनी मीटर घेऊन त्याच येतात.