चपलांची राखण

हरिहर किल्ल्याच्या पायऱ्या उतरून आल्यानंतर दुसऱ्या दिवशी माझ्या गुडघ्यांनी असहकार पुकारला आणि बुटांनी त्यांना पाठिंबा दिला. आतून-बाहेरून भिजलेले ते दोन्ही बूट लॉजच्या खिडकीत वर्तमानपत्राचे बोळे पोटात घेऊन बसले होते, बरोबरच्या दोघी डोक्यावरून पांघरूण ओढून झोपल्या होत्या, आणि अंजनेरी उद्यावर ढकलून आजचा दिवस नाशकात विश्रांतीचा, असे सकाळीच ठरले होते. मला दुपारची झोप लागत नाही. शेवटी लॉजच्या मोरीबाहेरच्या निळ्या पट्ट्यांच्या रबरी स्लिपर पायांत सरकवून मी गंगेवर निघाले. (नाशकात गोदावरीला गोदावरी म्हणणारा माणूस बहुधा पाहुणा असतो. मे महिन्याच्या कितीतरी सुट्ट्या पंचवटीतल्या आत्याकडे काढलेल्या असल्यामुळे ‘गंगा’ म्हणण्याचा हक्क मला आहे, असे मी धरून चालते.)

देवळात शिरले की माझे अर्धे लक्ष बाहेर काढून ठेवलेल्या चपलांकडे असते, आणि हा दोष मला त्या सुट्ट्यांनीच लावला. आत्या दर्शनाला निघाली की शेजारच्या दोन-तीन बायका तिच्याबरोबर हमखास असत, आणि त्या सगळ्यांच्या चपलांपाशी बसण्याचे काम वयाने लहान म्हणून माझ्याकडे येत असे. चपला राखणाऱ्याला दर्शनाचे निम्मे पुण्य मिळते, असे आत्या सांगे. उरलेल्या निम्म्याची भरपाई परतताना बर्फाच्या गोळ्यावर होत असे. एकदा मी टांग्याच्या घोड्याकडे टक लावून बसलेली असताना एका कुत्र्याने तिची एकच कोल्हापुरी चप्पल पळवली. उरलेली एक चप्पल पिशवीत घालून ती तापलेल्या रस्त्यावरून घरापर्यंत अनवाणी चालत आली आणि वाटेत एक शब्दही बोलली नाही, जे तिच्या बोलण्यापेक्षा फार वाईट होते.

नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला गुडघ्यांपर्यंत पाणी आले होते. पूर आला की नाशिककर एकमेकांना पाणी मारुतीच्या कमरेला लागले की छातीला, एवढेच विचारतात, आणि तेवढ्यावर घरातले सामान माळ्यावर चढवायचे की नाही हे ठरते. ज्याच्या जन्मस्थानी, म्हणजे अंजनेरीवर, उद्या आम्हांला चढायचे होते, तोही आज गुडघ्यांपाशीच अडलेला पाहून मला जरा बरे वाटले. पुढे नारोशंकराच्या देवळापाशी थबकून मी वर घंटेकडे पाहिले. देऊळ १७४७ सालचे आणि घंटा १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई जिंकली त्या विजयाची खूण. पण आत्या मलाच नारोशंकराची घंटा म्हणत असे, त्यामुळे लहानपणी ती घंटा मला नात्यातलीच वाटे.

विश्रांतीच्या दिवशी पायऱ्या चढायच्या नाहीत, हा निश्चय कपालेश्वरापाशी मोडला. मुकाट्याने दर पायरीला थांबत वर गेले, स्लिपर काढल्या, आणि सवयीने आधी मागे वळून त्यांच्याकडे पाहिले. तशाच निळ्या पट्ट्यांच्या आणखी चार जोड्या तिथे होत्या. या महादेवासमोर नंदी नाही. ब्रह्महत्येचे पातक कोणत्या तीर्थात फिटेल ते नंदीने सांगितले, देवाने रामकुंडात स्नान केले, आणि तेव्हापासून नंदी गुरू झाल्यामुळे त्याने समोर बसायचे नाही, अशी ही कथा आहे. आत्याने ती मला पहिल्यांदा सांगितली तेव्हा मी तिला विचारले होते, की मग मी काय सांगितले म्हणजे मला बाहेर बसावे लागणार नाही? बायका हसल्या होत्या. मी मात्र त्या नंदीचा बरेच दिवस हेवा केला; राखणीतून सुटलेला तो एकच प्राणी माझ्या माहितीत होता.

काळारामाला पोचेपर्यंत ऊन कलले होते. या देवळाचा काळा दगड रामशेजच्या डोंगरातला आहे असे सांगतात, म्हणजे डोंगर टाळण्यासाठी शहरात राहिलेली मी पुन्हा डोंगरावरच येऊन उभी होते. पूर्वेच्या दरवाजाबाहेर, जवळजवळ माझ्याच जुन्या जागी, सात-आठ वर्षांची एक मुलगी पाच-सहा जोड्या पुढ्यात मांडून बसली होती आणि कंटाळून पायाच्या अंगठ्याने त्यांतल्या दोन जोड्यांची अदलाबदल करत होती.

तिच्याकडे पाहताना, शाळेच्या पुस्तकात वाचलेली आणि आजवर या जागेशी मी कधी जोडून न पाहिलेली गोष्ट मला आठवली. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली याच देवळात प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. देवळाचे दरवाजे बंद करून घेतले गेले, आणि चारही दरवाजांबाहेर माणसे बसली. त्यांत स्त्रियाही होत्या. दादासाहेब गायकवाडांनी हा लढा स्थानिक पातळीवर चालवला, तो १९३५ पर्यंत चालू राहिला, आणि तरीही दरवाजा त्यांच्यासाठी उघडला नाही. मला पंधरा मिनिटे बाहेर बसवले जाई, आणि नंतर आत्या बाहेर येऊन म्हणे, “जा, आता तू जाऊन ये.” आत्याने मला पंचवटीतल्या वडांची, सीतागुंफेची, नंदीची आणि मारुतीच्या दोन तोंडांची गोष्ट सांगितली होती. ज्या जागी ती मला बसवत असे, त्या जागेची ही गोष्ट तिने कधी सांगितली नाही, आणि आता ती का, हे विचारायला आत्या नाही.

मी आत गेले नाही. त्या मुलीपासून थोड्या अंतरावर पायरीवर बसून राहिले. पाहणाऱ्याला गुडघे दुखत असतील असेच वाटले असणार, आणि ते दुखतही होते.