शीर्षभाग गेलेली ४३ पाने: शेवटून वाचल्यावर ६३८ नोंदी हाती आल्या

बिघडलेल्या हार्डडिस्कवरून परत मिळवायची तालुक्याच्या वाचनालयाची ॲक्सेस २००० (मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस प्रोग्रॅम) मधील ग्रंथयादी मागच्या वेळी जिथे अडकली होती, तिथून ती काल रात्री अखेर पुढे सरकली. डीडीरेस्क्यू या खराब डिस्कची प्रत घेणाऱ्या प्रोग्रॅमने हार्डडिस्कची प्रत घेतली तेव्हा न वाचलेल्या सेक्टरांच्या (डिस्कच्या सर्वांत छोट्या तुकड्यांच्या) जागी शून्ये राहिली होती आणि त्यांपैकी ४३ सेक्टर नेमके ग्रंथांच्या टेबलातील पानांच्या आरंभी होते. ॲक्सेसच्या जेट ४ या इंजिनात पान, म्हणजे फाइलचा ठरावीक तुकडा, ४०९६ बाइटचे असते आणि या डिस्कचा सेक्टर ५१२ बाइटचा, म्हणजे प्रत्येक पानाचा आठवा हिस्साच गेला. पण पानाचा प्रकार, ते कोणत्या टेबलाचे आहे हे सांगणारा दुवा आणि प्रत्येक नोंद कोठे सुरू होते याची यादी नेमकी त्याच हिश्शात असते. ती नसल्यामुळे एमडीबी-टूल्स या ॲक्सेसच्या फाइली वाचणाऱ्या साधनांना ही पाने ओळखताच येत नव्हती आणि दाखल क्रमांकांच्या (प्रत्येक पुस्तकाला मिळणाऱ्या अनुक्रमांकाच्या) मालिकेतून ७२४ क्रमांक गळाले होते.

फाइलचे कच्चे बाइट दाखवणाऱ्या हेक्स एडिटरमध्ये मजकूर तर डोळ्यांसमोर दिसत होता. ३८ ०९ ०२ ०९ २४ ०९ म्हणजे ‘संत’. यूटीएफ-१६ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह दोन बाइटचे असते आणि त्यातला दुसरा बाइट ०९, त्यामुळे ०९ ची ती एकाआड एक रांग दिसली की शीर्षक सापडलेच. मात्र एक नोंद कोठे संपते आणि दुसरी कोठे सुरू होते, हे काही केल्या ठरवता येत नव्हते. तीन आठवडे मी पान वरून खाली वाचत होतो, आणि चूक तिथेच होती.

जेट नोंदी पानाच्या तळापासून वर रचत जातो, म्हणून पहिल्या नोंदीचा शेवट हाच पानाचा शेवट असतो. नोंदीच्या अगदी शेवटी कोणते रकाने रिकामे आहेत हे सांगणारे बाइट, त्यांच्या आधी बदलत्या लांबीच्या रकान्यांची संख्या, तिच्या आधी त्या रकान्यांची स्थाने आणि त्यांच्याही आधी ‘मजकूर येथे संपला’ असे सांगणारा आकडा असतो. हा आकडा नोंदीच्या आरंभापासून मोजलेला असल्यामुळे तो जिथे लिहिला आहे त्या जागेतून तोच वजा केला की नोंदीचा आरंभ मिळतो, आणि तिथे रकान्यांची एकूण संख्या सापडली की हिशेब बरोबर आहे याची खात्री पटते. मग त्या आरंभापासून पुन्हा मागे जायचे.

पहिल्या काही पानांवर हे सुरळीत चालले, पण जुन्या नोंदींची पाने आली आणि साखळी पहिल्याच पायरीवर तुटली. वाचनालयाने बारकोडचा रकाना नंतर जोडला होता. त्याआधीच्या नोंदींत रकाने ११ नसून १० आहेत आणि बदलत्या लांबीचे ६ नसून ५. मी ६ हा आकडा प्रोग्रॅममध्ये पक्का लिहून ठेवला होता. तो प्रत्येक नोंदीतूनच वाचून घेऊ लागल्यावर पाने भराभर उलगडली आणि रात्री दोनच्या सुमारास मोजणी ६३८ वर थांबली. ‘दाखल क्रमांक १’ ची नोंद शीर्षक, लेखक आणि किमतीसह पडद्यावर आली, तो आनंद शब्दांत सांगणे कठीण आहे.

ज्या सशुल्क सॉफ्टवेअरची चाचणी आवृत्ती आधी वापरली होती, तिने याच फाइलमधील देवनागरी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हे भरली होती, त्यामुळे विकत घेण्याआधी आपल्या लिपीतील एक नोंद तपासून पाहावी, असे माझे ठाम मत आहे. ॲक्सेसमधील ‘कॉम्पॅक्ट अँड रिपेअर’ ही दुरुस्तीची सोय तर मूळ फाइलवर कधीही चालवू नये. जे चालवायचे ते प्रतीवर.

आता ८६ नोंदी उरल्या आहेत. त्यांतील ४३ पूर्ण गेल्या आहेत आणि ४३ नोंदींचे फक्त शेपूट शिल्लक आहे: शीर्षक आहे, पण आरंभीचा दाखल क्रमांक नाही. शेजारच्या नोंदींवरून क्रमांक ताडून कागदी दाखल नोंदवहीशी मेळ घालायचा, असे हे लिहायला बसलो तेव्हा ठरवले होते. पण दाखल क्रमांक ही या टेबलाची प्राथमिक की (प्रत्येक नोंदीची वेगळी ओळख) आहे, म्हणजे तिच्या इंडेक्सच्या (नोंदी शोधण्याच्या सूचीच्या) पानांवर प्रत्येक क्रमांकापुढे पानाचा आणि त्या पानावरील नोंदीचा क्रमांक लिहिलेला असणारच. तळापासून मोजत आल्यामुळे प्रत्येक शेपूट आपल्या पानावर कितवे आहे हे मला माहीत आहे. तेव्हा काहीही न ताडता त्याचा दाखल क्रमांक थेट इंडेक्समधून मिळायला हवा. नोंदवही त्या पूर्ण गेलेल्या ४३ नोंदींसाठी राखून ठेवतो आणि आज संध्याकाळी इंडेक्सची पाने वेगळी काढायला घेतो.